बालवाडीच्या खुर्च्या

मुलं नवाला येतात.
त्याआधी सव्वासहा ते सात
कन्नमवार नगरातली ही खोली आमची.
भिंतीवर अननस, हत्ती, एक कान फाटलेला ससा,
खाली आम्ही सहा जण,
एकूण वय तीनशे अठ्ठ्याऐंशी.
हा हिशेब पेडणेकरांचा, ते बँकेत होते.

तांडेल मॅडम माझ्या धाकटीच्या वयाची.
पूर्वी कबड्डीत चढाईला जायची,
डावा खांदा अजून जरा उतरलेला.
ती बालवाडीच्या लाल खुर्च्या ओढते,
गुडघ्याच्याही खाली राहणाऱ्या.
"बसा. हात न टेकता उठा. दहा वेळा."

बसणं मला येतं.
पोस्टाच्या काउंटरमागे एकतीस वर्षं बसलेच होते,
शिक्का मारत. धप्प. धप्प.
उठायचं कसं ते कुणी विचारलं नव्हतं.

आधी मोठ्या जिममध्येही गेले,
मुलाने वर्षाचे पैसे भरून टाकले म्हणून.
चहूकडे आरसे. प्रत्येक आरशात मी,
आणि नजरेत कुणाच्याच नाही.
पट्ट्यावर चालायचे, पोचायचे कुठेच नाही.
चौथ्या महिन्यात सोडलं.
वाढदिवसाला मेसेज आला:
प्रिय सदस्य, तुमची प्रगती पाहून आनंद होतो.

इथे आरसा नाही.
"पोस्टबाई, टाच उचलतेय. डावी."
मी म्हणते, छे.
हसीनाबी म्हणतात, उचलतेय.
सहा माणसांत खोटं लपवायला
कोपरा उरत नाही.

पेडणेकरांचा गुडघा नवा, म्हणून त्यांना भिंतीचा आधार.
हसीनाबींना उंच खुर्ची.
जोंधळे नवरा-बायकोच्या हातात रेती भरलेल्या बाटल्या,
त्यांवर मार्करने लिहिलेलं: दीड किलो, साधारण.
प्रत्येकाचं वेगळं,
मोजणं तेवढं एक.

घरी एकटी करायचे तेव्हा
सातानंतर थेट दहा यायचा.
आठ आणि नऊ मला इथे भेटले.
आठ म्हणजे मांडीत ओढलेली काडी.
नऊ म्हणजे मागून फेलिक्स डिमेलो:
"नव गो बाय, नव! आता काय सोडतेस!"
दहा कसा होतो, ठाऊक नाही.
जोंधळेबाई श्वास सोडतात,
तेवढ्यात मी उभी असते.

मार्चमध्ये फेलिक्स तीन दिवस आला नाही.
फोन उचलेना.
चौथ्या सकाळी मॅडम म्हणाली,
"चपला काढू नका."

तिसरा मजला, लिफ्ट नाही.
वर पोचल्यावर लक्षात आलं,
मधल्या चौकात कुणी थांबलंच नव्हतं.
पेडणेकरसुद्धा.

बनियनवर दार उघडलं त्याने.
आत बायकोच्या फोटोपुढे मेणबत्ती,
तिला जाऊन वर्ष झालं होतं त्या आठवड्यात.
"पाय उठत नाय," म्हणाला.
पायांना काही झालं नव्हतं, ते आम्हाला दिसत होतं.

मॅडम बोलली नाही.
स्वयंपाकघरातून खुर्ची आणली, मध्ये ठेवली.
तो बसला.
आम्ही पॅसेजमध्ये दाटीवाटीने उभे,
दुधाच्या पिशव्या पायांत,
आणि हळू आवाजात, शेजारी झोपले असतील म्हणून,
मोजू लागलो.

आठाला तो थांबला.
खूप वेळ थांबला.
मग मीच म्हणाले,
"नव रे बाबा. आता काय सोडतोस."

परवा माझा रिपोर्ट आला.
साखर जरा खाली उतरलीय.
डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं,
काय करता हल्ली?
म्हटलं,
बालवाडीत जाते.