तोंडाचा चंबू

रावपुऱ्यातली शाळा, सातवी ब, शेवटचा तास.
भिंतीवर लिऑनची बाई
'तू' म्हणायला तोंडाचा चंबू करते
आणि तिथेच थिजते.

नेट म्हणजे माझाच फोन, रेंजसाठी
खिडकीच्या गजाला रबरबँडनं बांधलेला.
आईचा कॉल आला की फ्रान्स तुटतो.

चक्र फिरतंय.
अडतीस पोरं चंबू धरून बसलीत,
जिनल, ओजस घोरपडे, मागच्या बाकावरचा फैझान,
जशी चहावर फुंकर घालायचीय
आणि कपच येत नाहीये.

मी पॅरिस पाहिलेलं नाही.
उच्चार माझे व्हिडिओतले, व्याकरण
अर्ध्या किमतीच्या पुस्तकातलं.
एवढंच सांगते:
त्यांचा तू आणि आपला तू, माणूस तोच.
ओठ 'ऊ'चे ठेवा, आत 'ई' म्हणा.

ओजसनं ओठ न हलवता
जिनलकडे बोट केलं. 'त्यू.'
म्हणजे जवळजवळ.
म्हणजे जिनलनं वळून पाहिलं, इतपत जवळ.

मग नेट आलं, बाईनं तिचा तू पुरा केला.
वर कुणी बघितलंच नाही.

जिन्यात आईला फोन लावला.
'तू जेवलीस?' विचारताना
ओठ जरा जास्तच गोल झाले.


'काय गं, दात दुखतोय का?'