मेळ

बत्तीस वर्षं भुसावळच्या कंट्रोलमध्ये
मी गाड्यांचे मेळ जमवले.
मालगाडी लूपला घ्या, मेल काढा,
वरणगावला पॅसेंजर उभी करा दहा मिनिटं.
नोकरी सुटली, पेन्सिलीची सवय सुटली नाही.
म्हणून तसलाच एक मोठा कागद
जेवणाच्या टेबलावर अंथरलाय:
आडवे महिने, उभी गावं,
आणि गावं सगळी स्पेनची,
जिथं वर्षातून एकदा
लोक खाण्यापिण्यासाठी रस्त्यावर उतरतात.

रत्नप्रभा समोर लसूण सोलत बसलेली.
"पहिलं कोनतं?"
ऑगस्टचा शेवटचा बुधवार, बुन्योल.
ट्रक भरभरून टोमॅटो येतात,
एकमेकांना फेकून मारतात.
"फेकून?" पाकळी बोटांत थांबली.
"आन् कानबाई? घरात रोट शिल्लक,
आन् आपुन घर सोडून जायाचं का?"
मी रेघ खोडली.

जूनच्या अखेरीस आरो.
पांढरे कपडे घालून टेकडीवर चढतात
आणि एकमेकांना वाइननं भिजवतात.
"डाग निघतो का?"
मला माहीत नव्हतं.
फैजपूरच्या लीलाधर फालकांना मात्र
फोनवर सगळंच माहीत होतं.
दारू नाही हो ती, म्हणाले, द्राक्षाचा काढा,
आणि माझं तिकीट धरूनच चाला.
तेव्हापासून आरोला लाल सिग्नल.

सप्टेंबरात लोग्रोन्यो.
पायांनी द्राक्षं तुडवून
पहिला रस देवीपुढे ठेवतात.
हे तिला आवडलं. पाय धुतात का, तेवढं विचारलं.
मग देवीचं नाव. वाल्व्हानेरा.
दोनदा म्हणून पाहिलं, तिसऱ्यांदा जमलं.
मग कॅलेंडरचं पान उलटून म्हणाली,
तव्हा गणपती घरात.

उरला जानेवारी.
शेवटचा रविवार, वाल्स, बार्सिलोनाहून दीडेक तास.
मी जरा हळूच सांगायला लागलो,
माझा मलाच विश्वास बसत नव्हता:
लांब पांढरे कांदे, पातीसकट,
द्राक्षवेलीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर
कोळसा होईस्तोवर भाजतात,
पेपरात गुंडाळून वाफ मुरू देतात,
मग काळी साल एका ओढीत...
"भरीतच की," ती म्हणाली.

भरीतच.
बामणोदची वांगी, पऱ्हाटीचा जाळ, बडगीतला ठेचा.
ऑफिसची पार्टी दर जानेवारीत, कुणाच्या तरी मळ्यात.
बत्तीस हिवाळे मी गेलो.
बत्तीस हिवाळे पहाटे उठून तिनं पुऱ्या तळल्या,
दोन पाट्या, धडप्यात बांधून जीपमध्ये ठेवल्या.
रात्री तिच्यासाठी डब्यातून भरीत आणायचो,
गार,
वर तेलाचा तवंग.

"तठी बायका ऱ्हातात का जाळापाशी?"
राहतात.
"वाढाले?"
खायला. उभ्यानं. गळ्यात फडकं बांधून,
मान मागं टाकून
कांदा वरून तोंडात सोडायचा.
तिनं लसणाची टरफलं
फुंकरीनं माझ्या कागदावरून उडवली.
"मंग जानेवारी धरा."

आणि इकडच्या पुऱ्या, असं मी विचारणार होतो.
तोंड उघडलंही होतं.

रात्री दीडला जाग आली ती जळक्या वासानं.
स्वयंपाकघरात दिवा नाही.
गॅसच्या निळ्या जाळावर
चिमट्यात धरलेला पातीचा कांदा.
तिनं साल ओढली, बोट पोळलं, स्स केलं,
माझा टॉवेल गळ्यात अडकवला
आणि एकटीच, ओट्यापाशी उभी,
मान मागं टाकली.

मी दारातूनच परतलो.
यार्डात कुठलीशी मालगाडी जोडत होते.
डबे एकमेकांना लागत गेले,
लांबपर्यंत.