घर क्रमांक

टॅब्लेटवरचा पहिला रकाना घर क्रमांकाचा.
तो भरल्याशिवाय दुसरा उघडत नाही.

गावभागात आज बत्तीस घरं झाली.
मगदूम सरांनी खुर्ची दिली, पंखा वाढवला.
"बेघरांसाठी रात्रनिवारा असावा का?"
"असावा म्हणजे काय, असायलाच हवा!"
मी 'पूर्ण सहमत'वर बोट ठेवलं.
"तुमच्या प्रभागात असावा का?"
पंखा ऐकू येत राहिला.
"तसं नाही... समोर क्लास आहे, मुली येतात-जातात.
मिरजेत स्टेशनजवळ जागा आहे की मोकळी."

मिरजेच्या घरांनी कालच सांगितलंय,
सांगलीत नदीकाठी जागा आहे की.

शेट्यांच्या सुनेनं जाळीच्या दारातनंच विचारलं,
"हे सगळं दारूपायीच ना?"
हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता.
तांबोळींच्या आजी म्हणाल्या,
"आमटी रोज जास्त होते बघ माझी.
न्यायला कुणी येईल का?"
याला पर्याय नव्हता.
'इतर'मध्ये लिहिलं : आमटी.

उपाध्येबाईंच्या जिन्यात, दहाव्या पायरीशी
भिंतीवर ऑइलपेंटची लाल रेघ.
पाणी इथवर.
"अकरा दिवस शाळेत होतो. सातवी ब.
बाकं जोडून झोपायचो.
एक पोरगा पोळ्या वाटायचा,
तिसरी घेतली की वर बघायचा."
बोलता बोलता त्या रेघेवरनं बोट फिरवत होत्या,
धूळ पुसावी तसं.
मी पुढचा प्रश्न वाचला,
"आपण स्वतः कधी बेघर होतात का?"
"नाही हो," त्या म्हणाल्या. "पूरग्रस्त."

'नाही'वर खूण केली.

रात्री साडेनऊला, त्याच गल्लीत,
बंद पडलेल्या गिरणीच्या ओट्यावर इराप्पा भेटला.
पाठ जाईपर्यंत हळदीच्या वखारीत हमाल होता.
अंथरायला अजून तिथलंच पोतं,
झटकलं की शिंका येतात.
म्हणाला, "लोकं काय म्हणत्यात आमच्याबद्दल?"
मी म्हटलं, सांगता येत नाही, नियम आहे.
"मग मला इचार. लोकांबद्दल."

त्यानं हनुवटीनं समोरचा जिना दाखवला.
"पाऊस वाढला की ती बाई
रातीला दोन वाजता दिवा लावून खाली येती.
पायऱ्या मोजती. धापातूर.
मग उभीच ऱ्हाती.
मी खोकतो एकदा.
कोण तरी जागं हाय, म्हणून.
मग जाती वर."

मी पहिला रकाना मोकळा ठेवून
पुढं सरकायला बघितलं.
लाल अक्षरं आली : घर क्रमांक आवश्यक.
शून्य घातलं. तेही नको म्हणालं.

टॅब्लेट पिशवीत टाकला, टेकले जरा.
शिंक आली.
इराप्पानं पोतं माझ्याकडं सरकवलं,
"बस की नीट. हितं कुणी उठवत न्हाई."
मग जरा थांबून,
"सकाळी सापतूर."