झाकली मूठ

एर्देनेत. तांब्याच्या खाणीचं गाव.
बाहेर उणे एकतीस,
आत कामगार सभागृहात
रेडिएटरवर वाळत घातलेले हातमोजे.
शेवटची फेरी. प्रत्येकी तीन मिनिटं,
वरकड सेकंद एकही नाही.

समोर नोमिनगेरेल.
क्रेन चालवते, रात्रपाळी उरकून तशीच आलेली,
नखांत ग्रीस.
घाटात उतारावर ट्रक सोडावा तशी खेळते:
ब्रेक आहे, पण लावायचा नाही.

बाविसाव्या खेळीला वजिराला वजीर गेला.
तिचा मी उचलला
आणि सवयीनं डाव्या मुठीत धरला.
सगळेच धरतात. कुणी प्यादं, कुणी उंट.
बोटांना काहीतरी लागतं.

मग नुसती खटखट.
शह. खट. बाजूला. खट.
माझा हत्ती धक्क्यानं आडवा झाला,
मी तो उभा केला तिच्या वेळात.
ती बोलली नाही. भुवई तेवढी हलली.

चौदा सेकंद. अकरा.
आणि तिचं ते कडेचं प्यादं,
ज्याच्याकडे माझं बघायचंच राहिलं,
सातव्या घरात.

आमच्याकडे प्याद्याला मूल म्हणतात.
मूल आठव्या घराशी पोचलं
आणि तिचा हात वजीर शोधू लागला.
माझ्या चहाच्या पेल्याशी तिचा घोडा,
एक उंट, तीन मुलं कुशीवर पडलेली.
पेल्यामागे काही नाही.
सहा. पाच.
ल्हाग्वा पंच मिशी चावत उभे.
तिनं टेबलाखाली वाकून पाहिलं,
मग माझ्याकडे.

घड्याळ थांबवून वजीर मागता येतो.
नियम आहे. तिला पाठ आहे,
पाच वर्षं मीच शिकवलंय तिला.

तीन.
तिनं घोडा उचलला, तोच ठेवला,
हात बटणाकडे निघाला,
निघाला

शून्य.

टाळ्या. कुणीतरी माझा कोट आणला.
बाही चढवताना मूठ उघडावी लागली.
वजीर गरम होता,
तळव्यावर त्याच्या मुकुटाचे सात दात.

मला माहीत होतं का?
अकरापर्यंत नव्हतं, शपथेवर सांगते.
सहाच्या पुढचं सांगता येत नाही.

नोमिनगेरेल हातमोजे चढवत होती.
एक अजून ओला.
तिनं माझा हात पाहिला, वजीर पाहिला,
तो घेऊन पेटीत त्याच्या खाचेत ठेवला
आणि म्हणाली,
"बोटं दुखली असतील तुमची."