हात पोचत नाही तिथे

युन्नानच्या दक्षिणेला, सिमाओच्या डोंगरात
मार्चमध्ये वारा म्हणून नसतो.
चहाच्या मळ्यातून वर आलेला धूर
जिथल्या तिथे उभा, शिक्षा केल्यासारखा.

ओकच्या खोडाला, खांद्याच्या उंचीवर
ती आमरी चिकटलेली:
पानं वातीसारखी वळलेली, एका अंगाला खाच,
मुळं जाड, पांढरी, वाळत टाकलेल्या सुतळीसारखी,
मातीशी कसलं देणंघेणं नाही.
झाडाचं ती काही खात नाही, हे ना-शीला
कुन्मिंगहून आलेल्या छिउयाननं तीनदा सांगितलं.
कळलं गं, ना-शी म्हणाली,
भाडेकरू आहे. तीही भाडं न देणारी.

दोघी सकाळपासून स्टुलांवर,
आळीपाळीनं भिंगात डोळा घालून.
वहीत रकाने. माशी: शून्य. मधमाशी: शून्य.
वास नाही फुलाला. मधही नाही.
"मग एवढं नटायचं कुणासाठी?"
छिउयान वहीतून डोकं वर काढत नाही.

दुपारी टोपी पडली,
तांदळाच्या कणीएवढी.
आत दोन पिवळे परागपिंड, एका केसाएवढ्या देठावर,
कुणाच्या तरी पाठीवर बसून परगावी जायला
बांधून ठेवलेले.
कुणी आलं नाही.

मग देठच हलला.
आधी वर.
मग पुढे, वाकून.
मग खाली, मधला पडदा चुकवत,
आणि मग पुन्हा मागे, वर,
पडणं नाकारून
आपल्याच कुक्षीच्या ओल्या खळगीत
शिरला.
पाकळीसुद्धा हलली नाही.

ना-शी बराच वेळ गप्प.
मग हसत सुटली, खोकला येईपर्यंत.
चा-बो गेल्याला सात हिवाळे झाले.
कंबरदुखीची पट्टी ती एकटीच लावते:
कोपर वर, मान तिरपी,
अर्धी चिकटते, अर्धी दुमडते,
मग भिंतीला पाठ घासायची, म्हशीसारखी.
मुलगी शेन्झेनहून रोज दिसते फोनवर.
फोनला हात नसतात.

"आता शेंग धरेल," छिउयान सांगत होती,
"बिया धुळीसारख्या. मोजता येत नाहीत.
पण बीमध्ये शिदोरी नसते.
सालीवर नेमकी ती बुरशी भेटली,
तिनं आत शिरून भरवलं, तर रुजेल.
नाहीतर..." तिनं तळहातावर फुंकर मारली.
दिवसभरातला तेवढाच वारा.

"म्हणजे लग्न एकटीनं उरकलं तरी
दाई लागतेच म्हण."
हे छिउयाननं लिहून घेतलं नाही.
त्याला रकाना नव्हता.

उतरताना, पाणवठ्याच्या वळणावर,
ना-शी थांबली. पिशवीतून पट्टी काढली,
सदरा वर केला आणि पाठ वळवली.
"लाव.
तिथं नाही. जरा खाली.
हां."