दिवस दुसरा, सत्र तिसरं

शिवाजीनगरच्या त्या हॉलमध्ये एसी इतका
की थोपटेबाईंनी पदर कानांवरून घेतला.
सकाळचा उपमा पोटात गोळा होऊन बसलेला
आणि पडद्यावर राजू.

राजू नेहमीच असतो.
मागच्या वर्षी होता, त्याच्या मागच्याही.
राजूचे वडील पितात, आई धुणीभांडी करते,
राजू दप्तर विसरतो.
दहा वर्षं झाली मला नोकरीत,
राजू अजून तिसरीतच आहे.

वृंदाताईंचा आवाज फार गोड.
"या मुलांच्या घरात," त्या म्हणाल्या, "संवादच नसतो.
भाषिक दारिद्र्य म्हणतो आपण त्याला."
चाळीस पेनं खाली वाकली.
मीही लिहिलं, भाषिक दारिद्र्य. खाली रेघ मारली.
सवय आहे रेघ मारायची.

रेघेखालून आई आली, खांद्यावरचं पोतं न उतरवता.
प्लास्टिक कानाशी धरून चुरगाळायची ती
आणि आवाजावरून सांगायची:
हा फुगा, हे कडक, हे दुधाचं,
याला भाव नाही, ह्यात भंगारवाला फसवतो.
सात नावं होती तिच्याकडे
जिथे वृंदाताई आणि आता मीसुद्धा
नुसतं पिशवी म्हणतो.
रात्री सगळा हिशेब तोंडी. माझी बेरीज चुकली की,
"साळंत काय गोट्या खेळती का गं?"
हा संवाद नसावा.
कुठल्याच रकान्यात बसत नाही.

मग खेळ. चेंडू येईल त्याने उठायचं,
नाव सांगायचं आणि लहानपणच्या सुट्टीची एक आठवण.
कोकण आलं. पुन्हा कोकण आलं.
आंब्याची अढी, आजोबांचं पुस्तकांचं कपाट.
चेंडू माझ्याकडे.
"सुवर्णा ओव्हाळ."
"ओव्हाळ..." ताईंनी शब्द जिभेवर ठेवून पाहिला,
आमटीचं मीठ बघतात तसा.
"म्हणजे मूळ कुठल्या तुम्ही?"
"जनता वसाहत."
"नाही, पण मूळ?"

पर्वतीच्या उतारावर मूळ कुठे धरतं ताई,
सगळा खडक आहे.
हे मी बोलले नाही. म्हणाले, उस्मानाबादकडचे.
त्यांचं समाधान झालं.
"किती स्वच्छ बोलता हो! अजिबात वाटत नाही."
काय वाटत नाही,
ते हॉलमध्ये कोणीच विचारलं नाही,
सगळ्यांना माहीत असावं.

सुट्टीची आठवण राहिलीच होती.
मी सांगितलं, मामाच्या गावाला जायचो.
मामा आमच्याच गल्लीत राहायचा, नळाच्या पलीकडे.

संध्याकाळी अभिप्राय, एक ते पाच.
मी चार दिले.

सोमवारी तिसरी ब.
यश कुसाळकर उभा. आजही वही नाही,
शर्टाला दोनच गुंड्या,
आणि माझ्या घशातून तो आवाज निघाला,
गोड, स्वच्छ, प्रत्येक ण जागच्या जागी:
"अरे, तुझ्याकडे घरी कोणी लक्षच देत नाही का रे?"

वर्ग हसला. यश नाही हसला.
तो विचार करत होता, प्रश्न खराच असल्यासारखा.
"देती की, बाई. आई देती.
काल सलॅबवरनं आली, मी झोपलेलो,
उठवून सातचा पाढा म्हनून घेतला.
वही भिजल्याली, चुलीपाशी वाळत ठिवली तिनं.
तिथंच ऱ्हायली."

मी "बस" म्हणाले.
दुसरं काही सुचलं नाही, फळ्यावर तारीख होती तीच पुसून
पुन्हा लिहिली.

दुपारी फोनवर लिंक आली.
प्रशिक्षणाचा वर्गात उपयोग झाला का? होय. नाही.
होय दाबलं. खोटं नव्हतं ते.
खाली मोठा रकाना होता, उदाहरण द्या.
मुलाचं खरं नाव लिहू नये,
अशी सूचना होती.