दुमड

नळीवर नाव नसतं.
शून्य चार एक सात, आणि आठवड्याचा आकडा.
फ्रान्सिसटाउनच्या या दोन खोल्यांत
मी रक्त फिरवतो, निवळ वर येऊ देतो,
यंत्राच्या पोटात सरकवतो
आणि यंत्र गुरगुरतंय तोवर चहा पितो.

नाव मला ठाऊक असायला नको.
पण गाव केवढं, आणि गणवेश शिवणाऱ्या बाया किती!
खाओलेबाले. आमच्याकडे याचा अर्थ
तू विसरत नाहीस.
एकोणीस वर्षं ती विसरली नव्हती:
रात्री आठला फोनमधला कोंबडा आरवला
की गोळी, पाणी, आणि कोंबड्याची मान मुरगळायची.
लग्नात, मयतात, सीमेवरच्या रांगेत.

मग फेब्रुवारीत तिच्या शिरेत
दोन पिशव्या थेंबथेंब उतरल्या.
कुणा अनोळखी माणसाचं शरीर
वर्षानुवर्षं झुंजून जे शिकलं
त्याची नक्कल, कारखान्यात वाढवलेली.
'म्हणजे उसनं शहाणपण,' ती नर्सला म्हणाली,
'परत कधी करायचं?'
नर्स हसली. फॉर्मवर तो रकाना नव्हता.

गोळ्या थांबल्या. तिथून आठवडे मोजायचे.
सहावा: सापडत नाही.
चौदावा: सापडत नाही.
मोपानेची पानं तांबडी होऊन झडली,
ताती नदीत वाळूखेरीज काही उरलं नाही,
तिसावा, सापडत नाही.
तरी नदी आटली असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही.
वाळू हातभर उकरली की ओल लागते.

गेल्या मंगळवारी, आठवडा एकेचाळीस,
लागली.
तीनशे बारा.
मी पुन्हा तपासलं. तीनशे नऊ.
आकडा वर पाठवला, नियमाप्रमाणे.
फोन नर्स करणार, उद्या सकाळी, नियमाप्रमाणे.

आणि त्याच संध्याकाळी मला मुलीचा स्कर्ट आणायचा होता.

दुकानात ती एकटी. मशीनवर निळं कापड.
आठला कोंबडा आरवला. अजून.
तिनं पेला उचलला, नुसतंच पाणी प्यायली.
'सवय,' म्हणाली, मी काही न विचारता.
माझ्या खिशात तीनशे बारा
चिल्लरीसारखे खुळखुळत होते.
मी हात खिशातच ठेवला.

तिनं स्कर्ट उलटा करून दाखवला:
चार बोटं दुमड, कच्चा धावदोरा.
'पोरगी वाढणार. आखूड झाला की घेऊन ये,
फुकट उसवून देईन. कापड आहे आत.'
पंचाऐंशी पुला. मी नव्वद दिले.
पाच तिनं माझ्या तळहातावर मोजून ठेवले.

रस्त्यावर येऊन हिशेब केला.
एकेचाळीस आठवडे.
दोनशे सत्त्याऐंशी रात्री
नुसतं पाणी.

घरी मुलीनं स्कर्ट घालून पाहिला,
आरशासमोर एक गिरकी घेतली
आणि लगेच विचारलं,
दुमड कधी उसवायची?